सगळी कच्ची लिंबां माका

आये,

यंदा आपल्या संघातली सगळ्यात चांगली चढाईवाली मी खाडीपलीकडच्या संघाला देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात तीन बाऱ्या घेतल्या. वाडीत ज्याला ज्याला हे कळलं त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग काकांकडे, म्हणजे हिला कोणीतरी समजवा अशा अर्थाने. तुला बाऱ्या म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. तेव्हा मुलींची कबड्डी म्हणजे स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेच्या पटांगणात दोन दिवस चुना टाकायचा, तेवढीच. आता आचऱ्यापासून मसुऱ्यापर्यंतच्या गावांची मिळून मुलींची वेगळी स्पर्धा होते, मंडप घालतात, माईकवर बोलायला माणूस असतो. मुलग्यांच्या स्पर्धेत खेळाडूंची बोली लागते, तशी मुलींची पण लावू या असं पहिल्याच सभेत कोणीतरी म्हणालं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून शाळेतल्या एक निवृत्त बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चेडवांची बोली लावूची नाय. ह्यो बाजार न्हय." मग ठरलं की दरवर्षी शाळा संपवून आलेल्या नव्या मुली मैदानात उभ्या राहतील आणि प्रत्येक संघ बारीबारीने एकेक मुलगी घेईल. भजनाच्या डबलबारीत असते तशी बारी. मागच्या वर्षी जो शेवटी राहिला त्याची पहिली. आणि एखाद्या संघाला हवं असेल तर तो आपली बारी दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून तयार खेळाडू घेऊ शकतो. मी केलं ते उलट. तयार खेळाडू दिली आणि बाऱ्या घेतल्या.

आपल्या संघाची जबाबदारी माझ्याकडे कशी आली, तर बाकी कोणी घेतली नाही म्हणून. मी हायस्कुलात गणित शिकवते, संध्याकाळी मोकळी असते, आणि मंडळाचे अध्यक्ष आपले काका. तेच काका. अजूनही तसेच, खुर्ची उलटी करून बसतात आणि प्रत्येक गोष्टीला मासळीची उपमा देतात. "तुझ्या आवशीन ह्याच खळ्यात आमका खेळवला, आता तू खेळव," असं म्हणून त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. तू मला ओळखतेस. दाराची कडी लागली की नाही हे बघायला मी अजून अर्ध्या वाटेवरून परत येते. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या की परत तपासते. अशा माणसाच्या हातात शिट्टी देऊ नये, पण दिली.

आणि जी मी देऊन टाकली ती कोण, हे तुला सांगताना पेन थांबतं. वरच्या वाडीतली ती. मागीलदारातून येऊन, तुला मावशी म्हणत तुझ्या चुलीजवळ बसून, न विचारता तळलेल्या बांगड्याचं शेपूट मोडून खायची ती. तू तिला खळ्यात घेतलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते आणि झग्याची गाठ सारखी सुटायची. तीच आता आपली चढाईवाली. तिच्या जोरावर आपण दरवर्षी उपांत्य फेरीपर्यंत जातो आणि तिथे हरतो. कारण समोरच्यांना माहीत असतं की हिला धरली की झालं. ती बाद होऊन बाहेर बसली की आपल्या बाकीच्या मुली खेळत नाहीत, तिच्याकडे बघत उभ्या राहतात, बस चुकलेल्या माणसांसारख्या. गेल्या वर्षापासून तिचा उजवा गुडघा दुखतो. पट्टा बांधून खेळते. मी विचारलं की म्हणते, काय नाय गो ताई. मला तो पट्टा बघवत नाही आणि तिला बसवताही येत नाही, कारण तिच्या जागी पाठवायला कोणी नाही.

या सगळ्यात मला आपलं खळं, घरापुढचं ते सारवलेलं अंगण, आठवत राहतं. मे महिना आहे. मुंबईहून सगळे आलेत, ओसरीवर पिशव्या आणि चपलांचा ढीग पडलाय. ऊन उतरलं की तू मासळीची पाटी धुऊन उपडी घालतेस, लुगड्याचा काष्टा आवळतेस आणि ओरडतेस, "चला, डाव पाडा!" एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला काका. पोरं जोडीजोडीने माडामागे जाऊन गुपचूप नावं ठरवून येतात आणि विचारतात, कोणाला हवा आंबा, कोणाला हवा फणस. पण माझा मोठा आतेभाऊ कोणत्या नावाने आला हे काका बरोबर ओळखायचे, कारण त्याला हसू दाबता येत नसे. तो आडदांड होता. तो ज्या बाजूला तिकडे डाव. एका मे महिन्यात त्यावरून भांडण झालं, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "भावजीनू, तुमका तो व्हयो ना? घेवा. पण सगळी कच्ची लिंबां माका देवा."

सगळे हसले. कच्चं लिंबू म्हणजे ज्याला कोणी मोजत नाही असं पोर. ते नुसतं धावतं, त्याला हात लागला तरी ते बाद नाही, त्याने कोणाला हात लावला तरी तो गुण नाही. त्याने रडू नये म्हणून घरच्यांनी त्याला खेळात ठेवलेलं. वरच्या वाडीतली ती, मी, आणि अजून चारपाच शेंबडी. काका हसत हसत म्हणाले, "वयनी, सुरमय सोडून हे बोटभर पेडवे कित्याक घेतास?" तू म्हणालीस, "पेडवो पाटयेत पडलो काय वाढना नाय. ही पोरां वाढतली. फुडल्या मे म्हयन्यात केदी होतत ती बघा." मग आमच्याकडे वळून तू बोट दाखवलंस. "आयकलास? माझ्याकडे लिंबू-बिंबू नाय. हात लागलो काय बाद."

त्या संपूर्ण मे महिन्यात आपण एकही डाव जिंकलो नाही. मला आठवतं, मला पहिल्यांदा हात लागला आणि मी बाद झाले तेव्हा मी खळ्याच्या कडेला जाऊन मोठ्याने रडले. तोपर्यंत मी कधी बाद झालेच नव्हते, लिंबू होते ना. मला वाटलं आता सगळं संपलं, आपल्यामुळे आई हरली. तू माझ्याजवळ आलीस. जवळ घेशील असं वाटलं. तू माझ्या कोपराची माती झटकलीस आणि रागावूनच म्हणालीस, "रडतंस कित्याक? बाद झालंस म्हंजे खेळाक लागलंस." आणि परत गेलीस, कारण तुझी चढाई होती. पुढच्या मे महिन्यात आपण थोडं कमी हरलो. त्याच्या पुढच्या वर्षी आतेभावाला नोकरी लागली आणि तो आलाच नाही. काकांच्या बाजूला कोणीच उरलं नाही, आणि तुझ्या बाजूला आम्ही सगळे होतो, दात आलेले.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता गणिताच्या बाजूने विचार करते तेव्हा कळतं. शाळेतून नुकती निघालेली मुलगी बघून ती चार वर्षांनी काय होईल हे कोणाला सांगता येत नाही. मलाही येत नाही, आणि छाती पुढे काढून मला येतं म्हणणाऱ्यांनाही येत नाही. उंच असते तिचं लग्न ठरतं आणि ती पुण्याला जाते. चपळ असते तिला नर्सिंगला जागा मिळते. आणि जिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं ती अचानक एका पावसाळ्यात वाढते. ज्याच्याकडे एकच बारी असते त्याला चुकून चालत नाही, म्हणून तो सगळ्यांना दिसते तीच मुलगी घेतो. बाऱ्या जास्त असल्या की शहाणपण वाढत नाही गो, चुकायला जागा मिळते. एक नाही तरी दुसरी. आणि मागे मुली तयार होत असल्या की पुढे असलेल्या मुलीला दुखरा गुडघा घेऊन धावावं लागत नाही. तू कच्ची लिंबं मागून घेतलीस ती याच हिशोबाने की तुला फक्त आमची दया आली होती, हे मी तुला कधी विचारलं नाही.

मग खाडीपलीकडच्यांचा निरोप आला, ती द्या आणि बाऱ्या घ्या. यंदाच्या दोन बाऱ्या, एक त्यांची आणि एक त्यांनी दुसऱ्या संघाकडून घेतलेली, आणि पुढल्या वर्षाची एक. मी चार दिवस डोक्यात दोन्ही बाजू मांडत राहिले, मोडत राहिले. तू मला शाळेत घालायच्या आधी अंक शिकवलेस ते मासळीच्या वाट्यांवर. ओटल्यावर केळीचं पान, त्यावर तारल्यांचे वाटे, मोज आणि लाव. मी एका वाट्यातला मासा उचलून दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. हा जरा मोठा वाटतो, तो जरा बारीक वाटतो. तुझं गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी तू माझ्या हातावर चापट मारलीस. "मासे सडतले गो बाये, तुझे वाटे सारके होयसर!" पाचव्या दिवशी भात टाकताना मला ते वाक्य ऐकू आलं, आणि मी गॅस बंद करून वरच्या वाडीत गेले. कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून पक्की माहीत होती. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते. बोली नको म्हणून बारी आणली, आणि आता बारीसाठी मुलगी द्यायची, तर त्या बाई उठून मलाच म्हणतील, ह्यो बाजार न्हय.

ती मागीलदारी सुंगटं सोलत बसली होती, बाजूला कोळंबीच्या सालींचा ढीग. मी सगळं सांगितलं, गुडघ्याचं, बाऱ्यांचं, खाडीपलीकडच्यांचं. तिने हात थांबवला नाही. मग म्हणाली, "माका इचारूक इलंस, काय सांगूक?"

"इचारूक."

"आणि मी नको म्हटलंय तर?"

"तर नको. हयसरच संपला."

आतून तिची आई ओरडली, "आता चेडवांक उचलून देतत! मगे ओटी भरून धाडा गो, नारळ मी देतंय!" ती हसली नाही. एक सुंगट सोललं, दुसरं सोललं. "थयसर माझ्यासारख्यो आणि दोघी आसत," ती म्हणाली. "माझो गुडघो जरा बसात तरी. हयसर मी बाहेर बसलंय काय तुमी सगळी माझ्याच तोंडाकडे बघतास. माका पाणी पिऊक पण लाज वाटता." मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी तिच्या गुडघ्याचा विचार केला होता, तिच्या तोंडाकडे बघणाऱ्यांत मी पण आहे याचा केला नव्हता. मग तिने विचारलं, "माझ्या जाग्यार कोणाक घेशीत?"

"म्हायत नाय."

"म्हायत नाय, आणि माका देतंस?" आता मात्र ती हसली, डोळ्यांत पाणी असताना हसतात तशी, आणि हाताला सुंगटांचा वास म्हणून मनगटाने डोळे पुसले. "मावशेचाच चेडू गो तू."

निवडीच्या दिवशी मुली ओळीने उभ्या होत्या, पाठीवर कागदाचे आकडे लावलेल्या. बाजूला सगळ्या संघांच्या मुली बसलेल्या, आणि ती खाडीपलीकडच्यांच्या रांगेत, त्यांचा निळा टीशर्ट घालून. मला निळा रंग तिला कसा दिसतो हे बघायचं नव्हतं, पण बरा दिसत होता. पहिल्या बारीला मी एक उंच मुलगी घेतली. ती मलाही दिसत होती आणि सगळ्यांनाही. दुसऱ्या बारीला घोटा घट्ट धरणारी एक घेतली. तू शिकवायचीस ना, माशाला शेपटीकडे धरलं तर सुटतो, माणूस घोट्याला धरला तर सुटत नाही. तिसरी बारी आली तेव्हा मी नेहमीसारखं परत परत तपासत बसले नाही. ही जादाची होती. ही चुकली तरी चालणार होतं. शेवटाला एक हडकुळी उभी होती. सरावात तिला चौघींनी दाबून धरली होती तरी तिचा हात मध्यरेषेकडे सरकत होता, मातीत नखं रोवून, इंच इंच. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी तिचा आकडा सांगायला तोंड उघडलं आणि माईकवर सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "तां कच्चां लिंबू माझां."

अख्खा मंडप हसला. माईकवाल्याला तर खोकलाच लागला. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. आणि ती हडकुळी ओळीतून एक पाऊल पुढे आली, लालबुंद झालेली, आणि माझ्यावर ओरडली, "मी कच्चां लिंबू नाय!"

"नाय गो," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, "माझ्याकडे लिंबू-बिंबू नाय. हात लागलो काय बाद." माझाच आवाज मला परका वाटला. निळ्या रांगेतून कोणीतरी खूप मोठ्याने हसलं. कोण ते मी न बघता ओळखलं.

काकांनी परतताना रिक्षात अपेक्षेप्रमाणे सांगितलंच. "सुरमय दिलंस आणि पेडवे घेऊन इलंस." इतक्या वर्षांनी तेच वाक्य, तेच हसू. मी त्यांना तुझं उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही. ते तुझं होतं, आणि अजून खरं ठरलेलं नव्हतं.

पहिला सामना नेमका खाडीपलीकडच्यांशीच आला. आपण सपाटून हरलो. उंच मुलगी गोंधळली, दोनदा रेषेबाहेर गेली. घोटेवाली बरी खेळली. वरच्या वाडीतली ती मात्र त्यांच्याकडून मोजक्याच चढाया करत होती, मग बाकावर बसून बाटलीने पाणी पीत होती, पाय लांब करून, निवांत. तिच्या संघातलं कोणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. डाव संपत आला तेव्हा मी हडकुळीला पाठवलं. पहिली चढाई तिची. ती सुरात कबड्डी कबड्डी करत आत गेली, एकीला हुलकावणी दिली, आणि परत फिरताना वरच्या वाडीतलीने तिचा घोटा धरला. आपल्या खळ्यातली पकड, बरोबर तशीच. हडकुळी पडली. हात पुढे केला, नखं मातीत रोवली, पण रेषा लांब राहिली. पंचांनी बोट वर केलं आणि ती तिथेच पालथी पडून रडायला लागली. मी उठले. मी तिथे पोहोचायच्या आत वरच्या वाडीतलीनेच तिला बसती केली, तिच्या कोपराची माती झटकली, आणि रागावल्यासारखं म्हणाली, "रडतंस कित्याक? बाद झालंस म्हंजे खेळाक लागलंस."

आये, तिने माझ्याकडे बघितलं नाही. आपण कोणाचं वाक्य बोललो हे तिला ठाऊक होतं की ते तिच्या तोंडात आता तिचंच होऊन बसलंय, मला माहीत नाही. ती उठून आपल्या जागेवर गेली, किंचित लंगडत. हडकुळी माझ्याजवळ येऊन बसली, नाक ओढत. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, तां तिकडचा ना? मगे माका कित्याक सांगता?"

"तिका पण कोणी तरी सांगितलेला," मी म्हटलं. याहून जास्त बोलले असते तर मी तिच्यापेक्षा मोठ्याने रडले असते.

वाडीत माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळतं. कदाचित त्यांचं खरं असेल. उंच मुलीचं लग्न ठरेल, हडकुळी वाढणारच नाही, आणि आपण पुढची दोन वर्षं तळाला राहू. पुढच्या मे महिन्यात आम्ही केवढी होऊ हे तू छातीठोकपणे सांगितलंस. मला तसं सांगता येत नाही, मी फक्त वाट बघते आणि संध्याकाळी शिट्टी वाजवते. काल काका खुर्ची उलटी करून बसले होते. सराव बघता बघता, माझ्याकडे न बघता विचारलं, "फुडल्या वर्षाची एक बारी आसा मां अजून?" आसा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हडकुळीला ओरडून सांगितलं की पाय जवळ ठेव.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी ती काकांना सांगितलेली नाही, मुलींना तर मुळीच नाही. आपली मुलगी एकटी आत गेली होती, आपण हरत होतो, माझ्या गळ्यात आपल्या संघाची शिट्टी होती, आणि समोरच्या संघातल्या तिने घोटा धरला तेव्हा मी टाळी वाजवली.